खो न मिळालेल्या मुली

हे प्रकरण आठवी 'ब'मधल्या मुलींचं आहे. शाळा सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची, अनुदानित, मराठी माध्यमाची. मी तिथे शारीरिक शिक्षण शिकवतो. काळ जून 2022 ते मार्च 2023. वर्गात मुली 24. या मुलींची सहावी आणि सातवी बरीचशी कोरोनाच्या बंदीत, मोबाईलच्या पडद्यासमोर गेलेली. आठवीत आल्या तेव्हा त्यांच्यातल्या अनेकींनी शाळेचं मैदान प्रार्थनेच्या रांगेपुरतंच पाहिलं होतं.

आधी माझा तास कसा चालायचा ते सांगतो, कारण या प्रकरणाचं मूळ तिथेच आहे. आठवड्याला दोन तास. हजेरी, दहा मिनिटं कवायत, मग मुलगे बॅट-बॉल घेऊन पलीकडच्या कोपऱ्यात आणि मुली खो-खोच्या मैदानावर. आमच्या शाळेचा मुलींचा खो-खो संघ चांगला. दोनदा जिल्ह्यापर्यंत गेलेला, ऑफिसच्या कपाटात ढाली आहेत. या वर्गातल्या पाच मुली त्या संघात होत्या. मी त्या पाच जणींपाशी उभा राहायचो, त्यांची पावलं, गडी बाद करायला मारलेला त्यांचा सूर, त्यांची हुलकावणी बघायचो. त्यांच्याबरोबर आणखी सात-आठ जणी खेळायच्या. उरलेल्या दहा-अकरा जणी कडुलिंबाखाली बसायच्या. चपला आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या. त्यांना खेळायला आवडत नाही, असं मी धरून चाललो होतो. त्यांना तसं कधी विचारलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये गणिताच्या मॅडमनी माझा शुक्रवारचा तास मागितला. तेव्हा आठवीचं वर्ष म्हणजे राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा आणि एनएमएमएस ही केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा, दोन्हींची तयारी. तास मागितला जाणं यात नवीन काही नाही. पी.टी.चा तास हा शाळेतला मोकळा प्लॉट असतो, ज्याला गरज पडेल तो कुंपण घालतो. पण या वेळी मी देणार नव्हतो. मुख्याध्यापकांच्या खोलीत बैठक झाली तेव्हा मी तयारी करून गेलो होतो.

मी त्यांना कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या त्र्वा-रिव्हिएर इथल्या प्रयोगाबद्दल सांगितलं. 1970 ते 1977 या काळात तिथे प्राथमिक शाळेतल्या 546 मुलांवर तो झाला. प्रयोगातल्या वर्गांना रोज एक तास, म्हणजे आठवड्याला पाच तास शारीरिक शिक्षण दिलं, तेही त्या विषयाच्या शिक्षकाकडून. त्यासाठी बाकीच्या विषयांचा वेळ सुमारे 13 ते 14 टक्क्यांनी कापला. वेळ कापला म्हणून अभ्यास मागे पडला नाही. दुसरीपासून पुढे त्या मुलांची कामगिरी त्याच शाळांतल्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षीच्या वर्गांपेक्षा उलट सरस दिसली. मी हेही सांगितलं की जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल सांगते, आणि त्यांच्याच अभ्यासानुसार 2016 मध्ये जगातल्या 11 ते 17 वयाच्या 81 टक्के मुलामुलींना तेवढी मिळत नव्हती. मुलींचं प्रमाण मुलग्यांपेक्षा वाईट.

मुख्याध्यापकांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "कॅनडाचं पटलं. आता आठवी 'ब'च्या मुली शुक्रवारी तुमच्या तासाला काय शिकतात, तेवढं सांगा."

मी संघाचं बोलायला लागलो. मॅडमनी मला थांबवलं. त्या रागावलेल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "सर, तुमच्या खेळणाऱ्या मुली मला नकोतच. झाडाखाली बसतात ना, त्या दहा-अकरा द्या. त्या तशाही काही करत नाहीत."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दिवाळीपर्यंत तास माझ्याकडे ठेवायचं ठरलं, तोवर मी काय शिकवतो ते दाखवायचं.

शारीरिक शिक्षण म्हणजे काय, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा माझा झाला

पदवीच्या परीक्षेत मी याची व्याख्या लिहिली होती. शरीराच्या माध्यमातून होणारं शिक्षण, सर्वांगीण विकास, वगैरे. गुणही मिळाले होते. पण माझ्या तासात मी प्रत्यक्षात दोनच गोष्टी करत होतो: कवायत आणि संघाचा सराव. कवायतीत सगळे असतात, पण तिथे कुणाला काही ठरवावं लागत नाही. शिट्टी वाजली की हात वर, शिट्टी वाजली की खाली. संघाच्या सरावात ठरवणं असतं, पण तिथे बाराच जणी. खेळ चांगल्या खेळाडूला शोधतो, तो त्याचा धर्मच आहे. शाळेच्या तासाचा धर्म वेगळा. गणिताच्या मॅडम वर्गातल्या हुशार पाच मुलींना गणित शिकवून बाकीच्यांना व्हरांड्यात बसवत नाहीत. बसवलं तर दुसऱ्या दिवशी पालक दारात उभे राहतील. माझ्या तासाला इतकी वर्षं तेच चाललं होतं आणि एकही पालक आला नव्हता.

शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत खेळाचं मैदान आहे, प्रत्येक वर्गाला खेळाचं साहित्य आहे, सहावी ते आठवीत 100 हून जास्त मुलं असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकही आहे. 2020 च्या शैक्षणिक धोरणात अभ्यासक्रमातलं आणि अभ्यासक्रमाबाहेरचं असा कडक भेद नको म्हटलं आहे. युनेस्कोच्या 1978 च्या सनदेत शारीरिक शिक्षण हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क म्हटला आहे. यातलं बरंचसं मला पाठ होतं. प्रशासनाशी भांडताना मी ते वापरायचो. 'प्रत्येकाचा' हा शब्द माझ्याच मैदानाला लावून पाहावा, हे सुचलं नव्हतं.

पहिला प्रयत्न फसला

पुढच्या शुक्रवारी मी सगळ्यांना मैदानात उतरवलं. सक्तीनं. चौघींचं पोट दुखायला लागलं. दोघींनी पाय मुरगळल्याचं सांगितलं. एक रडायला लागली. मी त्यांना बहाणेखोर म्हणालो, तेही सगळ्यांसमोर. ते शब्द आजही मागे घ्यावेसे वाटतात.

मराठीच्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तुम्ही थांबा, मी बोलते त्यांच्याशी. आठवडाभर त्या मधल्या सुट्टीत झाडाखाली मुलींबरोबर डबा खायला बसल्या. मग जे बाहेर आलं ते एकाच पठडीतलं नव्हतं. काहींची पाळी चालू असायची आणि मैदानाकडच्या स्वच्छतागृहाला पाणी नव्हतं. पाणी पुढच्या इमारतीत, तिथे जायचं तर ऑफिसवरून जावं लागे. काहींना ओढणी सावरत पळायची लाज वाटायची, त्यात मुलग्यांचं बॅट-बॉल बरोबर समोर. दोघी खरोखर दमलेल्या असायच्या. पहाटे उठून पाणी भरणं, झाडलोट, भाकऱ्या, मग वस्तीवरून तीन किलोमीटर चालत शाळा. आणि तिघी-चौघींचं म्हणणं एवढंच होतं: "आम्ही गेलो तरी आम्हाला कोण खेळवतं?"

पहिल्या दोन अडचणींवर उपाय निघाले, आणि ते खेळाशी संबंधित नव्हतेच. मुख्याध्यापकांनी स्वच्छतागृहात टाकी बसवून घेतली. मुलग्यांची बाजू बदलली, आता ते इमारतीच्या मागे खेळतात. पी.टी.च्या दिवशी ट्रॅक पँट आणि टी-शर्ट चालेल असं ठरलं, ज्यांच्याकडे नाही त्यांनी ओढणी छातीवरून घेऊन कमरेला गाठ मारायची. एवढ्या साध्या गोष्टींसाठी माझी किती वर्षं गेली, याचा हिशोब नको वाटतो.

दमून येणाऱ्या दोघींपैकी एकीच्या आईला मी भेटलो. त्या म्हणाल्या, "घरी काय कमी राबती का ती, सर? शाळेत अजून पळायचं कशाला?" हा प्रश्न मला आजवर कुठल्याही अधिकाऱ्यानं विचारलेल्या प्रश्नापेक्षा मोलाचा वाटतो. घाम गाळणं हेच शारीरिक शिक्षण असेल तर त्या मुलीला त्याची काडीचीही गरज नाही. ती माझ्या संघातल्या मुलींपेक्षा जास्त वजन उचलते. पण डोक्यावर हंडा असताना काय करायचं ते हंडा ठरवतो. किती वेगानं जायचं, कुठे वळायचं, कधी थांबायचं, हे शरीराला स्वतः ठरवू देणारी जागा तिच्या दिवसात कुठेच नाही. तशी जागा देणं हे माझ्या विषयाचं काम. त्या माउलींना मी हे इतक्या नीट शब्दांत सांगू शकलो नाही. मी एवढंच म्हणालो, की आठवड्यातून दोनदा तिला तिच्यासाठी पळू द्या. त्या हसल्या. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत.

वही

आता त्या मुलीकडे येतो जिच्यामुळे हे प्रकरण लिहावंसं वाटलं. तिचं नाव लिहीत नाही. अंगानं जाड, वर्गात गप्प, अक्षर मोत्यासारखं. ती मैदानात यायला तयार नव्हती, म्हणून मी तिला नोंदवही दिली. प्रत्येक डावात कुणी कुणाला खो दिला, कोण बाद झालं, किती मिनिटं पळालं, ते लिहायचं. तिलाही काम मिळालं, मलाही बरं वाटलं. शिक्षकांची ही जुनी पळवाट आहे. ज्या मुलाला खेळवता येत नाही त्याला गुणलेखक करायचं आणि त्याला सामावून घेतलं असं समजायचं.

सहा तास झाल्यावर मी वही मागितली. तिनं प्रत्येक मुलीच्या नावापुढे उभ्या रेघा मारल्या होत्या, एका खोला एक रेघ. बहुतेक रेघा चार नावांपुढे होत्या. पाच-सहा नावांपुढे तुरळक. आणि सात मुलींच्या नावांपुढे सहा तासांत एकही रेघ नव्हती. या सात जणी झाडाखाली बसलेल्या नव्हत्या. त्या मैदानात होत्या, पाटीवर, म्हणजे मैदानाच्या मधल्या पट्टीवर, आपापल्या चौकोनात उकिडव्या बसलेल्या होत्या, हजेरीत 'सहभागी' होत्या. फक्त त्यांना कुणी उठवलं नव्हतं.

खो-खो माहीत असलेल्याला यातलं दुखणं लगेच कळेल. आठ जणी मधल्या पाटीवर आलटून पालटून उलट दिशांना तोंड करून बसतात, नववी पाठलाग करते. तिला मधली पाटी ओलांडता येत नाही, एकदा धरलेली दिशा मोडता येत नाही. पळणारी पाटीच्या पलीकडे गेली की बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीला हात लावून 'खो' म्हणायचं, तिनं उठायचं आणि आपण तिच्या जागी बसायचं. बसलेलीला आपल्या मनानं उठता येत नाही. तिचा खेळ दुसरीच्या तळहातात असतो. बोलीत 'खो घालणं' म्हणजे कामात मोडता घालणं, पण मैदानावर खो म्हणजे दुसऱ्याला उठवणं. संघातल्या मुली नकळत भरवशाच्या मुलींनाच खो देत होत्या, बाकीच्यांना ओलांडून दोन चौकोन पुढे जाऊन. त्यांना जिंकायचं होतं. जिंकायचं मीच शिकवलं होतं.

मी वही बघत होतो तेव्हा ती शेजारी उभी होती. म्हणाली, "सर, या सात जणींचं मी आधीच सांगणार होते. पण तुम्ही कोण बाद झालं तेवढंच विचारायचा."

मैदानाचे तुकडे

पहिला उपाय मी घाईनं केला. नियम घातला की एकीला दुसऱ्यांदा खो देण्याआधी सगळ्या आठ जणींना एकदा तरी मिळाला पाहिजे. खेळ मेला. पाठलाग करणारी पळणाऱ्यांकडे बघायचं सोडून कुणाचा नंबर राहिला ते मोजत बसली. संघातल्या मुली वैतागल्या. "सर, हा खो-खोच नाही." त्यांचं बरोबर होतं. दयेनं दिलेला खो घेणारीलाही कळतो.

मग मैदानच तोडलं. पुण्यात डेक्कन जिमखान्यावर 1914 च्या सुमारास खो-खोचे नियम बांधायला घेतले ते सामन्यासाठी. 24 मुलींच्या 35 मिनिटांच्या तासासाठी ते जसेच्या तसे पाळलेच पाहिजेत असं नाही. फक्की मारून तीन छोटी मैदानं आखली. प्रत्येकावर चार जणी बसलेल्या, एक पाठलाग करणारी, दोन पळणाऱ्या, एक पंच. आठ जणी, तीन मैदानं, 24 पूर्ण. डाव दोन मिनिटांचा, प्रत्येक डावानंतर जागा बदलायच्या. चारच जणी बसलेल्या असताना एकीला वगळलं तर पाटीत एवढं भगदाड पडतं की पळणारी सरळ निसटते. इथे खो द्यायला दया लागत नाही, गरजच पडते.

खो मिळायला लागल्यावर नवीन गोष्ट उघडी पडली. अनेकींना उकिडव्यातून हात न टेकता उठताच येत नव्हतं. खो मिळाला की आधी हात जमिनीवर, मग गुडघा, मग उभं राहणं. तोवर पळणारी मैदानाच्या टोकाच्या खुंटापाशी. म्हणजे त्यांना खो न देणारी मुलगी मनानं वाईट नव्हती, तिला हे दिसत होतं. मला दिसत नव्हतं, कारण मी त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं. इथे शिकवायला सुरुवात झाली. पायांत किती अंतर, टाच टेकलेली की उचललेली, वजन कुठल्या पायावर, एक पाय थोडा मागे. भिंतीला पाठ लावून बसणं, मैत्रिणीचा हात धरून उठणं, मग बोट धरून, मग सोडून. याच महिन्यात मी शिक्षा म्हणून उठाबशा काढायला लावणं आणि मैदानाला फेऱ्या मारायला लावणं बंद केलं. शारीरिक शिक्षेला कायद्यानं बंदी आहेच. पण माझ्या दृष्टीनं त्याहून मोठी गोष्ट ही, की आज जी हालचाल शिकायची म्हणून करा असं मी सांगतो तीच काल शिक्षा म्हणून दिली असेल तर मुलीचं शरीर माझं कशाला ऐकेल?

वहीवाली मुलगी तिसऱ्या मैदानाची पंच झाली. नियम तिला सगळ्यांत जास्त माहीत होते. हात आणि 'खो' एकदम झाले नाहीत की तिची शिट्टी वाजायची, आणि संघातल्या मुलीही तिच्याशी हुज्जत घालायच्या नाहीत. पण पंचाचीही जागा दर डावाला बदलायची होती. पहिले दोन आठवडे तिनं आपली पाळी दुसरीला दिली. तिसऱ्या आठवड्यात पाटीवर बसली. मी काही बोललो नाही. खो मिळाला, उठताना हात टेकले, पळणारी निसटली. कुणी हसलं नाही, कारण त्या मैदानावर प्रत्येकीचं तसं झालेलं होतं.

या छोट्या मैदानांवर मुली काय शिकल्या, हे आता मी कुणालाही सांगू शकतो. उलट फिरता येत नाही म्हणून पाऊल टाकण्याआधी ठरवणं. पळणारीच्या पायांकडे न बघता कमरेकडे बघणं, कारण हुलकावणी पाय देतात, कंबर देत नाही. पाठीमागून येणाऱ्या पावलांचा आवाज ऐकून आपल्याला खो मिळणार का ते ओळखणं. पळायचा मोह असताना बसून राहणं. आणि आपल्या आवाक्यात गडी नाही हे कळलं की स्वतः धावत न राहता दुसरीला उठवणं. हे मूल्यशिक्षणाच्या तासाला फळ्यावर लिहिता येतं. मैदानावर ते अर्ध्या सेकंदात करावं लागतं, आणि चुकलं तर लगेच दिसतं. इथे उत्तर शेजारणीच्या वहीतून उतरवून घेता येत नाही.

दिवाळीआधी गणिताच्या मॅडम एकदा मैदानावर येऊन अर्धा तास उभ्या राहिल्या. तास त्यांनी परत मागितला नाही. तयारीसाठी शनिवारी शाळा सुटल्यावर जादा वर्ग ठेवला. खेळामुळे या मुलींचे गणितातले गुण वाढले असं मी म्हणणार नाही. तसं मोजलेलं नाही, आणि माझ्या तासाची किंमत गणिताच्या गुणांत मोजली जावी असं आता मला वाटतही नाही. कॅनडाचा दाखला मी आजही देतो, कारण तास वाचवायला तो कामाला येतो. तास वाचल्यावर त्यात काय करायचं, ते त्यात नाही.

या सगळ्याची किंमतही सांगितली पाहिजे. त्या वर्षी शाळेचा संघ तालुक्यातच हरला. संघाला शाळेच्या वेळेत सराव कमी मिळाला, हे खरं कारण आहे. एका पालकांनी येऊन सुनावलं की मुलीची पुढची संधी तुम्ही घालवलीत, पुढे दहावीला खेळाडूंना सवलतीचे गुण असतात, त्यांचं काय? त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पुढच्या वर्षी मी संघाचा सराव सकाळी साडेसहाला लावला. त्यात माझा वेळ जातो, आणि लांबच्या वस्तीवरच्या मुली येऊ शकत नाहीत. हा तिढा माझ्याकडून सुटलेला नाही.

श्रेणी देतानाही अडलो. चाचणीच्या अंतरात कोण किती वेगानं पळाली यावर श्रेणी दिली असती, तर वर्षभराचं शिकणं त्यात आलंच नसतं. मी जूनमधली आणि फेब्रुवारीमधली नोंद शेजारी ठेवली, प्रत्येकीची स्वतःशी तुलना केली, आणि पंच म्हणून दिलेले निर्णयही धरले. संघातल्या एकीला तिच्या अपेक्षेपेक्षा खालची श्रेणी मिळाली. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी येऊन विचारलं, "सर, पंचाचं मला परत करून दाखवता येईल का?"

मार्चमधल्या शेवटच्या तासाला मी वहीवाल्या मुलीला वही दिली, तर तिनं ती माझ्याच हातात परत ठेवली आणि पाटीवर जाऊन बसली. त्या दिवशीची नोंद माझ्या अक्षरात आहे. तिच्या नावापुढे दोन रेघा, खो मिळाल्याच्या. एक फाऊल. दुसऱ्या खोला ती हात न टेकता उठली, तेही मी कंसात लिहिलं आहे. पान पूर्ण भरलेलं नाही. 24 पैकी 22 नावं आहेत. वस्तीवरच्या त्या दोघींपैकी एक त्या दिवशी आली नव्हती, ऊसतोडीहून परतलेल्या धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी होती. दुसरी आली होती. झाडाखाली झोपली होती. मी तिला उठवलं नाही.